तिरपी धरलेली नळी

विमानात मी आयुष्यात एकदाच बसले. मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला जायचं होतं आणि जावयानं मोपाच्या विमानतळावरून तिकीट काढलं. शिडीपाशी रांग लागली होती, लोक विमानाला पाठ करून फोटो काढत होते. मी मात्र मान वर करून विमानाच्या नाकाजवळ काहीतरी शोधत होते. मागच्या बाई म्हणाल्या, "काय पडलं का तुमचं?" मी म्हटलं, "नाही हो, माझं काम बघतेय." बाई दोन पावलं मागे सरकल्या.

माझं काम म्हणजे बोटाएवढी एक नळी. गाडीचा वेग चाकांवरून कळतो. हवेत विमानाला चाकांचा काय उपयोग? म्हणून त्याच्या नाकाजवळ पुढे तोंड करून एक नळी बसवलेली असते. समोरून येणारी हवा तिच्यात घुसते. वेग जितका जास्त, तितका हवेचा दाब जास्त. तो दाब मोजून पायलटसमोरचा काटा वेग दाखवतो. तिला पिटो ट्यूब म्हणतात. आम्ही बायका नुसतं 'नळी' म्हणायचो. उंचावर थंडी भयंकर असते. ढगातलं पाणी नळीत शिरून गोठलं तर हवा आत जायची कशी? म्हणून नळीच्या पोटात विजेची तार गुंडाळतात, ती नळीला तापवते. आणि तळाला सुईच्या टोकाएवढं छिद्र ठेवतात, त्यातून पाणी निथळून जातं. एवढंच यंत्र. पण दोन्ही पायलटांचे डोळे त्याच्या भरवशावर असतात.

ही नळी गोव्यातल्या आमच्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत बनायची, हे पेडण्यातसुद्धा कोणाला खरं वाटत नसे. माझ्या सासूबाई शेजाऱ्यांना सांगायच्या, "आमची सून पंपाचे पार्ट करता." मी सुधारायला गेले नाही. कंपनी परदेशातल्या एका बड्या गिऱ्हाइकासाठी नळ्या करायची. गिऱ्हाईक नळीचा नकाशा पाठवायचं, आम्ही तसा माल करून द्यायचो. मी तिथे बावीस वर्षं होते. लागले तेव्हा डाख देऊन नळ्या जोडणाऱ्या बायकांच्या ओळीत होते, पुढे तपासणीला गेले आणि तपासणीतच निवृत्त झाले.

तपासणी खात्यात एक थंडीचं कपाट होतं. गोव्याच्या माणसाला बर्फ ठाऊक तो मासळीच्या पेटीतला. मे महिन्यात बाहेर पत्रे तापलेले असायचे आणि कपाटात अशी थंडी की आत ओलं फडकं विसरलं तर त्याची फळी व्हायची. आत पंखा वारा मारायचा, बारीक फवारा उडायचा. प्रत्येक खेपेतल्या काही नळ्या त्या वाऱ्यात एका साच्यात घट्ट धरायच्या, तार चालू करायची आणि बाहेरच्या, दाब दाखवणाऱ्या तबकडीच्या काट्यावर नजर ठेवायची. ठरलेला वेळ काटा हलला नाही तर नळी पास. काटा पडला तर नळीत बर्फ धरला, खेप अडली.

खंडेनवमीला आम्ही त्या कपाटाची पूजा करायचो. एके वर्षी नेमका त्याच दिवशी गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला आला. कपाटाला झेंडूची माळ, दाराला हळदकुंकू, वर नारळ. त्यानं वहीत लिहून घेतलं की उपकरणावर 'अनोळखी सेंद्रिय पदार्थ' आढळले. त्यावर आम्हाला रीतसर खुलासा पाठवावा लागला. नारळ काढून ठेवला तेव्हा तो म्हणाला, "आता हे कोणत्या कचऱ्यात?" शेवंतीनं नारळ फोडून त्याच्या हातावर खोबरं ठेवलं.

ही शेवंती गावस. माझ्याच वयाची, सातार्ड्याची. रोज कंपनीच्या बसनं नदीपलीकडून, महाराष्ट्रातून यायची. डाख देण्यात तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. नळीचे दोन भाग चांदीच्या डाखानं जोडायचे असतात. डाख जास्त झाला तर आत ओघळतो, कमी झाला तर जोड सुटतो. बाकीच्या भिंगातून बघत बसायच्या, शेवंती रंगावरून ओळखायची. प्रत्येकीचा नंबरी शिक्का असे, तो आपल्या नळीवर उमटवायचा. तिचा चौदा. चौदा नंबरची नळी माझ्याकडे आली की मी निम्म्या मनानंच तपासायचे, असं म्हटलं तरी चालेल.

मी तपासणीत कडक होते, असं सगळे म्हणत. एकदा माल भरून गाडी फाटकात उभी होती आणि मी पूर्ण खेप परत उतरवली, कारण दोन नळ्यांच्या तोंडावर धातूचं बारीक कुसळ राहिलं होतं. कारखान्याचे व्यवस्थापक साठे सर पुण्याचे. आवाज कधी चढवत नसत. त्या दिवशी चढवला. पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकाचं आभाराचं पत्र आलं तेव्हा त्यांनीच ते सूचनाफलकावर लावलं, वर माझं नाव मोठ्या अक्षरात. मला अभिमान वाटला, नाही कशाला म्हणू? पुढे कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होते की 'नाही' म्हणायची वेळ आली की मी म्हणते.

मग तो सोमवार आला. साच्याचा एक स्क्रू ढिला झाला होता आणि नळी कपाटात जराशी तिरपी बसली. तोंड किंचित वर, विमान आकाशात चढताना असतं तसं. मी लक्ष दिलं नाही. अकराव्या मिनिटाला काटा थरथरला आणि मेला. नळी बाहेर काढून बघितली तर आत छिद्राच्या मागे बर्फाचा गोळा. स्क्रू आवळला, नळी सरळ धरली, पुन्हा चाचणी घेतली. पास. मला चैन पडेना. दुसरी नळी घेतली, मुद्दाम तिरपी धरली. काटा मेला. तिसरी, तेच. ती चौदा नंबरची होती, डाख आरशासारखा.

कोणाला विचारावं लागलं नाही, समोर दिसत होतं. नळी सरळ असली की पाणी छिद्रावाटे निथळायचं. नाक वर झालं की ते छिद्र ओलांडून मागे जाऊन साचायचं, आणि मागे तार पोचतच नव्हती. तिथे पाणी गोठायचं, बर्फ वाढत वाढत छिद्रही बुजवायचा आणि हवेची वाटही. आमच्या हाताची चूक नव्हती. नळीचा नकाशा काढणाऱ्यानं कागदावरच ती तशी काढली होती. आणि चाचणीची रीतही त्यानंच लिहिलेली, नळी सरळ धरून करायची. वाकडं दिसायला वावच नव्हता.

साठे सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, हे खरं. गिऱ्हाइकाला पत्रही पाठवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. चाचणी ठरलेल्या पद्धतीनं करावी, पद्धतीत बदल करू नये.

"मालिनीताई," सर म्हणाले, "आपण ड्रॉइंग बनवत नाही, ड्रॉइंगप्रमाणे बनवतो. ते लोक तिथे बसलेत ना, शिकलेले. त्यांना कळत नसेल?"

"सर, पण विमान चढताना नाक वरच असतं ना?"

"ताई, तुम्ही विमानात बसलाय कधी?"

नव्हते बसले. सर म्हणाले, त्या दिवसाची नोंद वहीत व्यवस्थित घ्या, उगाच प्रश्न नकोत. वहीच्या रकान्यात मी लिहिलं, 'साचा ढिला, दुरुस्ती केली, पुन्हा चाचणी, पास', आणि खाली सही केली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तीच तर गंमत. कामगाराची चूक असेल तर तिच्यासाठी रकाना होता. कागदाची चूक असेल तर तिला रकाना नव्हता, आणि रकाना नाही म्हणून मी ती लिहिली नाही. घरी तेव्हा आमचे हे बसून होते. डिचोलीला खनिज वाहायला स्वतःचा ट्रक चालवायचे, खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात गंजत उभा राहिला. घर माझ्या नोकरीवर चालायचं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण सही करताना हे डोळ्यांपुढे होतं, हेही लपवत नाही.

चार वर्षं गेली. चार वर्षं मी नळ्या सरळ धरल्या आणि पास केल्या.

विमान पडलं ते दूर, एका थंड देशात. सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर बातमी होती. डोंगरावरच्या बर्फात काळे तुकडे पसरलेले. संध्याकाळी उडालं, ढगात चढत असताना कोसळलं, एकही माणूस वाचला नाही. आमच्या ओळीतल्या बायका 'अरे देवा' म्हणून कामाला लागल्या. मी बातमीतला 'चढत असताना' हे शब्द वाचले आणि माझ्या हातातलं भिंग टेबलावर ठेवलं. विमान कोणत्या कंपनीचं, त्यात नळ्या कोणाच्या, कोणी सांगितलं नव्हतं. मला कोणी सांगायची गरजही नव्हती.

पुढे जे उघड झालं ते सोपं करून सांगते. ढगात नळ्या गोठल्या. विमानाला अशा तीन असतात, एक बिघडली तर दुसरी म्हणून; पण तिन्ही गोठल्या, कारण तिन्ही एकाच नकाशाच्या. छिद्रही बुजल्यामुळे आत हवा कोंडली. अशी हवा कोंडली की विमान वर जाईल तसा काटा वेग वाढलेला दाखवतो, खरा वेग काहीही असो. पायलटला दिसलं, विमान भरधाव सुटलंय. वेग कमी करायला त्यानं नाक आणखी वर उचललं. प्रत्यक्षात वेग आधीच घटला होता. नाक उचलल्यावर पंखांनी हवा सोडली आणि विमान खाली आलं. त्याचं वय माझ्या मुलीएवढं होतं.

महिन्याभरानं गिऱ्हाइकाची माणसं आली, सोबत वकील. ढिगाऱ्यात एक नळी सापडली होती, तिचा जोड सुटलेला. जोडावर शिक्का चौदा. त्यांना तेवढंच हवं होतं. डाख कच्चा, जोडातून पाणी शिरलं, भारतातल्या एका कारखान्यातल्या एका बाईची चूक. डोंगरावर आपटलेल्या वस्तूचा जोड सुटणार नाही तर काय होईल, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. की सुचूनही सोयीचं नव्हतं.

साठे सरांनी शेवंतीला बोलावलं. "शेवंतीबाई, चौकशी होईपर्यंत थोडे दिवस घरी राहा."

"माझा काय चुकला, सर?"

"चुकलं असं कोणी म्हटलेलं नाही."

सुटी झाल्यावर बसपाशी तिनं माझा हात धरला. "मालिनी, खरा सांग गे. माझ्या हातान झाला?"

"नाय गे."

"मगे कोणाच्या?"

बस सुटली.

सातार्ड्यात गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. बाजारात तिच्याकडे बोट दाखवून बायका म्हणायच्या, हिनंच विमान पाडलं. तिच्या नवऱ्यानं तिला घराबाहेर जाऊ नको म्हणून सांगितलं. गणपतीच्या चवथीला ती माहेरीसुद्धा गेली नाही. हे मला दुसऱ्या बायकांकडून कळायचं. मी स्वतः गेले नाही. जाऊन सांगणार काय होते?

शेवटी विमान पडलं त्या देशाच्या सरकारी चौकशी मंडळाचा अभियंता आला. पन्नाशीचा, उंच, तुयेच्या उन्हात लाल झालेला, खिशात दोन रुमाल. इंग्रजीत विचारायचा, साठे सर आम्हाला मराठीत सांगायचे आणि आमचं उत्तर त्याला इंग्रजीत. माझी पाळी आली. त्यानं विचारलं, चाचणीत कधी काही वेगळं दिसलं?

मी सगळं सांगितलं. ढिला स्क्रू, तिरपी नळी, तीनदा मेलेला काटा, दोन ओळींचं उत्तर. साठे सरांनी वळून इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली. मला इंग्रजी बोलता येत नसेल, पण इतकी वर्षं इंग्रजी कागद वाचले होते. सर म्हणाले होते, या बाई म्हणतात की चाचण्या नेहमी समाधानकारक झाल्या, एकदा साचा ढिला होता तो दुरुस्त केला.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही तिरपं सांगितलंच नाही."

"ताई, ते तांत्रिक आहे, मी बघतो."

मी त्या गोऱ्या माणसाकडे वळले. हात तिरपा धरून म्हटलं, "सर, नॉट स्ट्रेट. नोज अप. नोज अप, आइस कम." आयुष्यात इंग्रजीत बोललेलं माझं पहिलं वाक्य. ते चुकीचं होतं की बरोबर, देव जाणे. त्यानं साठे सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "दाखवा."

कपाट उघडलं. नवी नळी घेतली, स्क्रू स्वतःच्या हातानं ढिला केला, तोंड वर केलं. खोलीत आम्ही सहा माणसं, पंख्याचा आवाज सोडून काही नाही. पाच मिनिटं झाली, आठ झाली, काटा जागचा हलेना. साठे सरांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, आपलं खोटं ठरतंय, आणि खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. खोटं ठरलं असतं तर चार वर्षांचं ओझं उतरलं असतं. पण अकराव्या मिनिटाला काटा थरथरला आणि मेला. त्या माणसानं खिशातला रुमाल काढला आणि तो हातात तसाच धरून काट्याकडे बघत राहिला.

मग त्यानं विचारलं, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी दिसलं?

यावेळी सरांनी नीट भाषांतर केलं.

मी सांगितलं, चार वर्षांपूर्वी. त्यानं वही मागितली. मी पान काढून दिलं. माझ्या अक्षरातली ती ओळ सरांनी त्याला वाचून दाखवली, खालची सहीही. त्यानं पानाचा फोटो काढला, वही मिटून दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिली. रागावला असता तर बरं झालं असतं.

अहवाल यायला वर्ष गेलं. त्यात मुख्य चूक पायलटची ठरली, कारण त्यानं नाक उचललं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही. नळीचा आराखडा 'हातभार लावणारं कारण' ठरला. नव्या नकाशात छिद्राच्या मागे आणखी एक छिद्र द्यावं आणि चाचणी नळी तिरपी धरूनही घ्यावी, अशी शिफारस होती. नकाशा काढणाऱ्याचं नाव मला अहवालात कुठे सापडलं नाही. डाख दोषमुक्त ठरला, जोड आपटल्यामुळे सुटला.

गिऱ्हाइकानं नव्या नळ्या करायला दुसरा देश शोधला. आमची ओळ बंद झाली. साठे सरांना पुण्याजवळच्या कारखान्यात मोठी जागा मिळाली, दिवाळीला त्यांचा शुभेच्छांचा संदेश अजून येतो. डाखाच्या बायका कोणी काजूच्या कारखान्यात गेल्या, कोणी घरी बसल्या. पेडण्याच्या बाजारात त्यांतली एक भेटली आणि पाव घेता घेता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू गप रावली असती तर आमी आज कामाक असतो." बोलले म्हणून यांच्या चुली अडल्या, आणि बोलायला हवं तेव्हा बोलले नाही म्हणून ते विमान. मला निवृत्तीला काही महिनेच उरले होते, तपासणीतली शिल्लक कागदपत्रं आवरायला मला ठेवून घेतलं. म्हणजे शेवटचा पगार मलाच मिळाला.

अहवालाचं ते एक पान छापून घेऊन मी सातार्ड्याला गेले. शेवंती ओटीवर कोकमं फोडत बसली होती, हात मनगटापर्यंत लाल. मला बघून उठली नाही, 'बस' म्हणाली. मी पान पुढे केलं.

"काय लिवलाहा?"

"तुझो डाख पक्को होतो म्हणून लिवलाहा. आपटल्यावर तुटलो. तुझी चूक नाय."

तिनं लाल हात लागू नयेत म्हणून पान घेतलं नाही, नुसतं बघितलं. "ह्या गावातल्या लोकांका कोण वाचून दाखवतलो?" म्हणाली. मग, "विमान कित्यान पडला मगे?"

मी जमिनीवर बोटानं नळी काढून दाखवली. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, आणि मागच्या बाजूला बोटानं एक छिद्र टोचलं. "हय मागे आणखी एक बुराक होयो होतो."

"आता पाडतत?"

"आता पाडतत."

"एक बुराक पाडूक किती येळ लागता गे?"

"दोन मिनिटां," मी म्हटलं.

तिनं एक कोकम फोडलं, बी वेगळी केली. "आणि तुका ह्या कधी कळला?"

"विमान पडूच्या चार वर्षां आधी."

शेवंतीनं मान हलवली, कोणीतरी वेळ सांगितल्यावर हलवतो तशी. मग कोकमांचं सूप माझ्या बाजूला होतं ते ओढून स्वतःच्या पलीकडे घेतलं आणि पुन्हा कोकमं फोडायला लागली. तिच्या घरी आलेल्या माणसाला चहा विचारला नाही असं कधी झालं नव्हतं. मी बराच वेळ बसले, ऊन ओटीवरून खाली उतरलं. तिनं चहा विचारला नाही, आणि मीही उठताना 'येते' म्हटलं नाही.